आईसाठी फोन: नवाकोरा अँड्रॉइड की जुना आयफोन?

बजेट तेच धरलं, तर एकीकडे नवाकोरा अँड्रॉइड आणि दुसरीकडे सेलमध्ये उतरलेला जुना आयफोन. कॅमेरा-रॅमचं पाठांतर तुमचं झालंच असेल. चार्जिंगचा वेग आणि बाहेरून ॲप टाकायची मोकळीक, यांत अँड्रॉइड सरळ पुढे. आयफोनची काच फुटली तर बिल बघून घाम फुटतो, हेही खरं.

माझं घोडं अडलं ते जाहिरातींपाशी. आईचा आधीचा फोन अँड्रॉइडच. कंपनी कुठली ते राहू द्या. वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून ती पिन टाकणार, तेवढ्यात अख्ख्या स्क्रीनवर 'फोन स्लो झालाय, आत्ता साफ करा'. बंद करायची फुली मुंगीएवढी, तीही काही सेकंदांनी उगवणारी. समोरून भाजीवाला, "बा, पैसा नथी आव्या." मागे रांग. मी सेटिंगमध्ये शिरून एकेक बटण बंद केलं, तर पुढच्या अपडेटनंतर निम्मी परत चालू!

कारण उघड आहे. अँड्रॉइडचा गाभा ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणारा, म्हणून कंपन्यांची झुंबड. चढाओढीत किंमत इतकी उतरते की बऱ्याच जणी नफा फोन विकल्यानंतर जाहिरातींतून काढतात. ॲपल तो काउंटरवरच वसूल करतं. तेही काही साधू नाही म्हणा, ॲप स्टोअरमध्ये सर्च केलं की वर जाहिरात असतेच. पण निदान पैसे देताना कुणी आडवं येत नाही.

अपडेटचं म्हणाल तर 2018 च्या आयफोन एक्सआरलाही 2024 चं आयओएस 18 मिळालं. पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस24 पासून गूगल-सॅमसंगही 7 वर्षांचा शब्द देतात, पण स्वस्त मॉडेलला किती वर्षं ते तपासून घ्या. कॉल रेकॉर्डिंगसाठी अडला असाल, तर गूगलचा डायलर (कॉल लावायचं ॲप) आणि आयओएस 18.1 पासून आयफोन, दोघंही समोरच्याला सांगूनच रेकॉर्ड करतात.

सगळे अँड्रॉइड असे नसतात. पिक्सेल बराच स्वच्छ वाटतो. बजेट ताणता येत असेल तर तोही बघा. गेम आणि ॲप्सची उचकापाचक हा शौक असेल, तर अँड्रॉइडच घ्या. फोन आई-बाबांच्या हातात जाणार असेल, तर मी पुन्हा आयफोनच घेईन. फक्त 64 जीबीचा नको, तो व्हॉट्सॲपच्या सुप्रभातांनीच भरतो.