बिल नव्या पार्टचं, गाडीत जुनेच रंगवलेले

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली असेल, तर ब्रेकचं काम दुसऱ्याकडे देण्याआधी हे वाचा.

इंजिनाचं काम मी स्वतः केलं, पण ब्रेकला हात लावायची हिंमत झाली नाही. गाडी सिंगल सर्किटची. कुठेही एका जागी ऑइल गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ते काम ‘जाणकारा’कडे दिलं. बिलावर नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा), चारही व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारे), होज पाइप (चाकाकडे जाणारी रबरी नळी) आणि नवं ऑइल लिहिलेलं होतं. सगळे पैसे चुकते केले.

सिग्नलला पेडलवर पाय ठेवून थांबलो की पेडल हळूहळू खाली बसायचं. बाहेर गळती कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला, “साहेब, जुन्या गाडीचं असंच असतं.” हे साफ खोटं आहे. गळती नसताना पेडल बसत असेल, तर बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरचा आतला रबर वॉशर ऑइल मागे सोडत असतो.

पुढे एकदा थोडीशीच गाडी चालवल्यावर पुढचं डावं चाक जाम झालं. ड्रमजवळ हात नेववत नव्हता. गाडी जॅकवर घेतली आणि मास्टर सिलिंडरजवळचा पाइप सैल केला, तरी चाक फिरेना. मग चाकाचं निपल, म्हणजे ब्रेकमधलं ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडलं. पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब मधल्या होजमध्येच अडकला होता. तो होज कापला तेव्हा आतलं रबर इतकं फुगलेलं होतं की सुई जेमतेम जाईल. बाहेरून मात्र काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला. बोटाने चोळलं तर खालच्या भेगा दिसल्या.

निपलमधून आलेलं ऑइल कॉफीसारखं काळपट होतं, मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीतलं मात्र स्वच्छ. वरवर बदललं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. मग उतारावर सतत ब्रेक मारताना आत वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. त्या गाडीत मी घरच्यांना बसवून फिरवलं होतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मास्टर सिलिंडर उघडला. रंगाखाली जुनाच. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, गंजाचे खड्डे नखाला लागत होते. अशा बोअरमध्ये नवे वॉशर घातले तरी टिकत नाहीत.

दोन्ही वस्तू घेऊन त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, “हे आमच्याकडचे नाहीतच.” माझ्याकडे पुरावा नव्हता.

तुम्ही तरी गाडी देण्याआधी प्रत्येक पार्टचा फोटो काढा आणि कोपऱ्यात पंचने बारीक खूण करून ठेवा. काढलेले पार्ट परत मागा, नव्याची रिकामी खोकीही मागा. आणि गाडी ताब्यात घेताना चारही निपलमधून थोडं थोडं ऑइल पारदर्शक नळीतून तुमच्यासमोर काढायला लावा.