तांब्यात कच्चा खडा: तारेचा, कोंदणाचा की मोरचुदाच्या पाण्यातला?

माहेरी कोरेगाव तालुक्यात विहिरीचं काम निघालं तेव्हा काळ्या कातळाच्या एका पोकळीत फिकट गुलाबी खडे सापडले, मधे आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या कडब्याच्या पेंढीसारखे. स्टिल्बाईट म्हणतात त्याला. आपल्याकडचा बहुतेक कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याच्या पोकळ्यांमधे हे तयार होतं. आण्णांनी दोन तुकडे जपून ठेवले होते ते मला दिले आणि तेव्हापासून मी असे कच्चे, म्हणजे पैलू न पाडलेले खडे बसवलेल्या तांब्याच्या दागिन्यांच्या मागं लागलीय. आता नणंदेला पण घ्यायचंय, ती विचारते कुठलं घेऊ, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

एक लक्षात घ्या, "हँडमेड कॉपर" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या पद्धतीचे दागिने मिळतात आणि फोटोत तिन्ही सारखेच भारी दिसतात.

पहिला तारेचा. खड्याभोवती तांब्याची तार गुंडाळून पेंडंट करतात, जाड तारेची चौकट आणि त्यावर बारीक तारेचे वेढे. यात उष्णता नाही, ॲसिड नाही, खडा आहे तसा राहतो आणि मागूनही दिसतो. वेढा सैल झाला तर पकडीनं घरीच आवळता येतो, आणि उद्या खडा काढून दुसऱ्या दागिन्यात घालायचा म्हटलं तरी जमतंय. घेताना फक्त एक करा, पेंडंटवरनं साडीचा पदर किंवा ओढणी हळूच फिरवा. तारेचं टोक नीट आत दाबलेलं नसेल तर लगेच धागा ओढला जातो. मी असंच एक घेतलं होतं, दिसायला सुरेख पण आईच्या इरकलीचा धागा निघाला, त्यानंतर पदर फिरवल्याशिवाय मी घेतच नाही.

दुसरा कोंदणाचा. तांब्याच्या पत्र्यावर पट्टीचा काठ झाळून घेतात, मग खडा आत बसवून काठ वरनं दाबतात. रोज घालायचं असेल, खास करून अंगठी, तर माझं मत सरळ कोंदणाला, कारण खड्याच्या कडा झाकल्या जातात आणि ठोकलेलं तांबं कडक होतंय त्यामुळं आकार टिकतो. पण कच्चा खडा वेडावाकडा असतो, तो बसवायला खालची बाजू घासून सपाट करावी लागते, म्हणजे त्याचा कच्चेपणा थोडा जातोच. वजन पण वाढतंय.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भुरळ घालणारा, इलेक्ट्रोफॉर्मिंगचा. झाडाच्या सालीसारखं खडबडीत तांबं खड्याला चिकटून वाढल्यासारखं दिसतं ना, तो. खड्याच्या कडेला वीज वाहणारा रंग लावतात आणि मोरचूद अन् ॲसिडच्या पाण्यात करंट देऊन कितीतरी तास ठेवतात, मग त्यावर तांब्याचा थर चढतो. मोरचूद म्हणजे तासगावकडं द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर कालवतात तोच. आता विचार करा, ॲसिडच्या पाण्यात मऊ खडा ठेवायचा म्हणजे आधी त्याला वॉर्निश फासावं लागतं. माझा पहिला तुकडा मी असाच करायला दिला होता, कुणाकडं ते राहू दे. वॉर्निश तसंच राहिलं, ती मोत्यासारखी चमक जाऊन खडा प्लास्टिकचा वाटायला लागला आणि चार महिन्यांत कडेचा तांब्याचा थर पापुद्र्यासारखा सुटला. ते दुरुस्त होत नाही. दोन तुकड्यांतला एक असा गेला याचं मला अजून वाईट वाटतं. ॲमेथिस्ट किंवा साधी गारगोटी असेल आणि कधीतरी लग्नकार्याला घालणार असाल तर मात्र हा प्रकार घ्या, त्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

म्हणजे आधी खडा बघायचा. गारगोटी, ॲमेथिस्ट कडकपणात (१ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर) ७, त्यामुळं कशातही चालतात. फिरोजा ५ ते ६. हिरवा मॅलकाईट आणि आपला स्टिल्बाईट ३.५ ते ४ च्या आसपास, चाकूनं सुद्धा ओरखडा पडतो, त्यामुळं अंगठीत नकोच, गळ्यात किंवा कानात ठीक. भडक निळा-गुलाबी खडा असेल तर कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूला पुसा, कापूस रंगला तर खडा रंगवलेलाय.

चांदीत का नको, असं नणंदेनं विचारलं. चांदीत पण छानच होतं, चांदीकामाची हुपरी आपल्याला जवळ आहे, पण पैसे बरेच जास्त लागतात, आणि निळ्या-हिरव्या खड्याला तांब्याचा तो तांबूस रंग जसा खुलतो तसा चांदीचा नाही खुलत. तांब्याची अडचण म्हणजे ते कळकतं. सांगलीच्या एप्रिल-मे मधल्या घामानं मान हिरवी पडते. साबणानं जातं ते, घाबरायचं काही नाही. लॅकर म्हणजे पारदर्शक लेप मारलेला असेल तर काही दिवस थांबतंय, नंतर लॅकर झिजतो. कानातल्याचे हुक मात्र चांदीचेच सांगा. आणि घरच्या तांब्या-भांड्यासारखं चिंच नाहीतर पितांबरीत घालू नका, मॅलकाईट, फिरोजा खराब होतात आणि पावडर खड्याच्या फटीत बसते. लिंबाच्या थेंबानं नुसती तार पुसायची, ओल्या फडक्यानं लिंबू काढायचं, कोरडं करायचं.

खरं तांबंय का ते बघायला लोहचुंबक न्या, चिकटलं तर आत लोखंड. नाही चिकटलं तरी हातात फारच हलकं लागलं तर रंगवलेली ॲल्युमिनियमची तार असू शकते.

कुणी म्हणेल तांब्याचं कडं घातलं की सांधे दुखायचे थांबतात. २०१३ साली इंग्लंडमधे यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० पेशंटवर हे तपासलं, तांब्याच्या कड्याचा वेदनेवर काही खास फरक दिसला नाही. आवडतंय म्हणून घ्या, गोळ्या बंद करू नका.

नणंदेला मी तारेचे ॲमेथिस्टचे कानातले सांगितलेत. आणि माझा राहिलेला तुकडा पण तारेतच करायला दिलाय, मागची बाजू उघडी ठेवा म्हणून सांगून, कारण त्याला विहिरीतला काळा कातळ अजून चिकटलेलाय आणि तो मला दिसायला पाहिजे.