मेन शाफ्टचा उभा प्ले काढताना: कॉलर की शिम?

आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) हेलिकॉप्टरची जुळणी करताना मेन शाफ्ट, म्हणजे रोटर फिरवणारा उभा दांडा, बेअरिंगमधून ओवला आणि खाली मेन गिअरचा हब (मधला भाग) बोल्टने पक्का केला, तरी शाफ्ट बहुधा वर-खाली थोडा सरकतो. हा उभा प्ले काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात वरच्या बेअरिंगवर ग्रब स्क्रूची (बिनडोक्याच्या स्क्रूची) कॉलर, म्हणजे शाफ्टवरचे कडे, आवळायची असते, तर दुसऱ्यात हब आणि खालचे बेअरिंग यांच्यामध्ये योग्य जाडीचे शिम, म्हणजे पातळ चकती, घालायचे असते. मात्र रोटर हेड धरून आडवे हलवल्यावर शाफ्ट डुलत असेल, तर दोष झिजलेल्या बेअरिंगचा किंवा ते ज्या ब्लॉकमध्ये बसते त्याच्या ढिल्या घराचा असतो आणि तिथे या दोन्ही उपायांचा उपयोग नाही.

हा प्ले क्षुल्लक वाटतो, पण त्याचा परिणाम थेट पात्यांच्या पिचवर (कलाच्या कोनावर) होतो. स्वॅशप्लेटची, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पिच ठरवणाऱ्या तबकडीची, उंची सर्वो (छोट्या नियंत्रक मोटरी) ठरवतात आणि सर्वो फ्रेमला जोडलेले असतात. त्यामुळे शाफ्ट सरकला तरी स्वॅशप्लेट जागेवर राहते आणि लिंक (जोडदांडी) पात्याची ग्रिप (पाते धरणारा भाग) फिरवते. स्वॅशप्लेटची लिंक थेट ग्रिपला जात असेल आणि ग्रिपचा आर्म 20 मिमी असेल, तर 0.2 मिमी प्लेमुळे पिच सुमारे अर्ध्या अंशाने बदलते. पॉझिटिव्ह पिचमधून निगेटिव्हमध्ये जाताना हा फरक हाताला जाणवतो.

कॉलरचा मोठा गुण म्हणजे तिला मोजमाप लागत नाही. शाफ्ट वर खेचून धरायचा, म्हणजे हब खालच्या बेअरिंगला टेकतो. त्याच वेळी कॉलर वरच्या बेअरिंगवर बोटाने हलकी दाबायची आणि ग्रब स्क्रू आळीपाळीने आवळायचे. स्क्रू धातूच्या कॉलरमध्ये असल्यामुळे त्यांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) हवेच, पण ते थेंबभरच, कारण ओघळून बेअरिंगमध्ये शिरले तर बेअरिंग बदलावे लागते. स्क्रूच्या टोकाने शाफ्टवर खळगा पडतो आणि त्याच्या कडेला बारीक कड उभी राहते. पुढे शाफ्ट काढताना ही कड बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट केल्याशिवाय तो बेअरिंगमधून ओढू नये, नाहीतर बेअरिंगच्या आतल्या रिंगवर ओरखडा उठतो.

शिमचे काम जास्त वेळखाऊ आहे, कारण आधी फीलर गेजने किंवा डायल गेजने फट मोजावी लागते आणि तिच्याहून किंचित कमी जाडीचे शिम निवडावे लागते, फट 0.25 मिमी भरली तर 0.2 मिमीचे. शिमचा बाहेरचा व्यास इतकाच असावा की ते फक्त आतल्या रिंगला टेकेल, कारण शील्डला (बेअरिंगच्या झाकणाला) किंवा बाहेरच्या रिंगला लागले की ते घासू लागते. शिमला आवळायचा स्क्रू नसतो, त्यामुळे एकदा साधलेले माप घसरत नाही. मात्र हबवर घातलेले शिम मेन गिअरला आपल्या जाडीइतके खाली ढकलते, म्हणून पिनियनचे (मोटरच्या छोट्या गिअरचे) दात गिअरच्या पूर्ण रुंदीवर येतात का, हे नंतर पाहावे लागते.

निवड करताना भार कुठे येतो हे पाहिले पाहिजे आणि माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक आहे. साध्या उड्डाणात रोटर शाफ्टला वर ओढतो, भार हबमार्फत खालच्या बेअरिंगवर जातो आणि कॉलरवर जवळपास काहीच येत नाही. मॉडेल उलटे उडवले किंवा जोराची निगेटिव्ह पिच दिली की शाफ्ट फ्रेमच्या दिशेने दाबला जातो आणि तो भार कॉलरवर, म्हणजे ग्रब स्क्रूच्या पकडीवर येतो. म्हणून होव्हरिंग आणि सरळ उड्डाण करणाऱ्याने कॉलर निःशंक वापरावी. थ्रीडी (उलट्यासुलट्या कसरती) उडवायचे असेल आणि वरच्या बाजूला हेड ब्लॉक किंवा स्पेसर कायम जागी बसत असेल, तर शिम श्रेयस्कर. थ्रीडीच्या मॉडेलला निव्वळ कॉलर असेल, तर खाली शिम घालूनही ग्रब स्क्रूचीच पकड राहते. तिथे शाफ्ट व स्क्रू तेलविरहित करून ते वेळोवेळी तपासणे एवढेच हाती उरते.

दोन्ही पद्धतींत आवळणे अति झाले तर साध्या बॉल बेअरिंगवर अकारण अक्षीय ताण येतो. पिनियन दूर सरकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो खरखरत किंवा अडखळत असेल, तर कॉलर केसभर सोडावी किंवा शिम पातळ घ्यावे. तापमानाचाही थोडा हिशेब आहे: पोलाद अंशामागे प्रतिमीटर सुमारे 0.012 मिमी वाढते, कार्बन फायबरची फ्रेम जवळपास वाढतच नाही. बेअरिंगमधले अंतर 60 मिमी असेल, तर 30 अंशांच्या फरकाने शाफ्टची लांबी 0.02 मिमीने बदलते. उकाड्यात बेअरिंगवर ताण ठेवून बसवलेला शाफ्ट थंडीत आणखी घट्ट होतो, म्हणून प्ले हाताला न जाणवेल इतकाच काढावा. नवी बेअरिंग पहिल्या काही उड्डाणांत जागेवर बसतात. त्यानंतर पाती काढून फ्रेम एका हाताने धरावी, हेड वर-खाली ढकलून पाहावे आणि टिकटिक लागली तर माप पुन्हा जुळवावे.