२० एचपी स्क्रू कॉम्प्रेसर, आठ महिन्यांनंतर: लाइनीतलं पाणी आणि तो ऑटो ड्रेन

२० एचपीचा स्क्रू, ५०० लिटरची टाकी, त्यापुढे रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारा) आणि दोन फिल्टर. काम पावडर कोटिंगचं, जागा कुडाळ एमआयडीसी. हवा, आवाज, वीज यांबाबत तक्रार नाही. जुलैत मात्र गनमधून पाण्याचे थेंब यायला लागले, जॉबवर पिनहोल (कोटिंगमधली बारीक छिद्रं) दिसले. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: ड्रायर लहान पडतोय, मोठा घ्या.

तो खर्च करण्याआधी प्रत्येक ड्रेनखाली (साचलेलं पाणी बाहेर सोडणारी झडप) पाच लिटरचा कॅन ठेवा आणि तासभर मोजा.

हिशोब सोपा आहे. मशीनची हवा ८५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तासाला साधारण १४४ घनमीटर हवा. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला तिच्यात सुमारे साडेतीन लिटर पाणी असतं. ७ बारला दाबून आफ्टरकूलरमधून (दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) ४० अंशांवर बाहेर आली, की त्यातलं अडीच लिटर मॉइश्चर सेपरेटर (हवेतून पाणी वेगळं करणारा भाग) आणि टाकीतच निघायला हवं. ड्रायरच्या वाट्याला राहतं पाऊण-एक लिटर. हे आकडे पूर्ण लोडचे; मशीन निम्मा वेळ अनलोड (हवा न दाबता नुसतं फिरत) असेल तर निम्मे धरा. इथे सेपरेटरखालच्या कॅनमध्ये तासाला जेमतेम पाव लिटर जमत होतं. बाकीचं पाणी थेट ड्रायरवर जात होतं. एवढं पाणी अंगावर आलं तर कोणताही ड्रायर हात टेकणारच.

दोष दोन निघाले. टायमर ड्रेनच्या (ठरावीक वेळाने आपोआप उघडणाऱ्या ऑटो ड्रेनच्या) आधीची स्ट्रेनरची जाळी गंज आणि तेलकट गाळाने बुजलेली. आणि सेपरेटर व ड्रायर, दोघांचे ड्रेन एकाच ६ मिमी नळीत जोडलेले, तीही वर चढवून भिंतीबाहेर काढलेली. एक ड्रेन उघडला की दाब दुसऱ्याच्या तोंडावर येतो. प्रत्येक ड्रेनला वेगळी नळी, उताराने, हे बसवतानाच करायचं काम आहे. एवढं महाग मशीन बसवणाऱ्याने नळीत काटकसर करावी, याचा राग अजून गेलेला नाही.

जाळी काढताना आधीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा, टेस्टचं बटण दाबून दाब सोडा, मगच नट सैल करा. टायमर आता दर ३ मिनिटांनी ३ सेकंद. टेस्ट दाबल्यावर आधी पाणी आणि शेवटी क्षणभर नुसती हवा आली, की सेटिंग बरोबर. झडप मिटेपर्यंत पाणीच येत असेल तर वेळ वाढवा. नुसती हवाच फुसफुसत असेल तर वीज वाया जातेय, कमी करा.

ड्रायरबद्दलचं मत इथे बदललं. आधी तो कुचकामी वाटत होता, आता नाही. फक्त आफ्टरकूलरच्या फिन धुवायलाच हव्यात: बाहेर येणारी हवा ४८ वरून ३९ अंशांवर आली. ४८ अंशांना तिच्यात दीडपटीहून जास्त बाष्प राहतं, आणि ड्रायरवर छापलेली सीएफएमही गरम हवेला मिळत नाही. ड्रायरचा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो का, तेही पाहा. थोडा जरी गळला तरी ओली हवा थेट लाइनीत जाते.

लाइन कोरडी झाली तरी साइट ग्लासमध्ये (तेल दाखवणारी काच) कॉम्प्रेसरचं तेल दुधाळ दिसतच होतं. ते दुखणं वेगळं. लोड कमी असल्याने तेलाचं तापमान ६६ ते ६८ अंशांवर रेंगाळत होतं, आणि या हवेत ८ बार निरपेक्ष दाबाला (गेजवरचे ७ अधिक वातावरणाचा १) दवबिंदूच, म्हणजे बाष्पाचं पाणी होण्याचं तापमान, ६७ च्या आसपास असतो. म्हणजे पाणी सेपरेटर टँकमध्येच (हवेतून तेल वेगळं करणारी मशीनमधली टाकी), तेलात उतरतं. पॅनलवर ८० ते ९५ दिसायला हवं. आधी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (गरम तेल कूलरकडे वळवणारा) उघडा अडकलाय का ते पाहा. इथे तो ठीक होता, म्हणून लहान कामं एकत्र करून मशीन सलग लोडवर चालवणं हाच उपाय उरला. रात्रभर थंड झाल्यावर, सुरू करण्यापूर्वी, दाब शून्य असल्याची खात्री करून टँकचा ड्रेन किंचित उघडा. पाणी जाऊन तेल दिसलं की बंद. नंतर तेलाची पातळी तपासा. दुधाळपणा टिकला तर तेल बदला, बेअरिंगपेक्षा ते स्वस्त पडतं. ड्रेनचं पाणी तेलकट असतं, ते गटारात सोडू नका.

मशीनला चार तारे, ड्रायरला चार, ड्रेनच्या जोडणीला एक. पावसाळाभर जाळी दर सोमवारी निघते. एकदा दोन आठवडे राहिली आणि गनमध्ये पुन्हा थेंब आले.