वांगावर लेझर आणि गोळ्या: आठ महिन्यांच्या उपचारानंतर

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर वांग, म्हणजे तपकिरी डाग (मेलास्मा), उमटले आणि बारा वर्षे ते हटले नाही. मध्यंतरी शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून आणलेले एक मलम मी चार महिने लावले. त्यात स्टेरॉईड होते, हे गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्यावरच कळले. म्हणून जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी ते मलम बंद करून कातडी सावरू दिली आणि मगच, ऊन उतरल्यावर, ऑक्टोबरमध्ये उपचार सुरू केले.

गोळी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची, २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हे मुळात अतिरक्तस्राव रोखण्याचे औषध आहे, त्यामुळे चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी मला पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला अर्धांगवायू झाला आहे का, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू आहेत का, असे बरेच विचारले. ही चौकशी न करता कुणी गोळी देत असेल, तर ती घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. सुरुवातीला पोटात मळमळ होई, ती जेवणानंतर गोळी घेतल्यावर थांबली. पाळी मात्र त्या तीन महिन्यांत कमी जात होती.

लेझर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, कमी शक्तीवर, दर पंधरा दिवसांनी, सहा वेळा. डोळ्यांवर धातूचे झाकण ठेवतात, गालावर टक्‌टक् असा आवाज होतो आणि बारीक लव जळल्याचा वास येतो. लाली तास-दीड तासात उतरते. साचलेला रंग लेझर फोडते आणि नवा रंग तयार करण्याचा त्वचेतला इशारा गोळी मंदावते, असे डॉक्टरांनी समजावले. नुसते लेझर जोरात मारले, तर आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग उलट गडद होतात किंवा पांढरे ठिपके उठतात.

चौथ्या वेळेनंतर ओठावरचा पट्टा जवळजवळ गेला, गालांवरचा निम्म्याहून फिका झाला. कपाळावर फारसा फरक नाही.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, अमळनेरला, मी दोन दिवस चुलीपुढे बसून खापरावर मांडे भाजले आणि आठवड्याभरात उजव्या गालाच्या उंचवट्यावर रुपयाएवढा डाग परतला. मी स्कार्फ बांधत होते, सनस्क्रीनही लावत होते. पण चुलीची धग त्याने अडत नाही. आता आयर्न ऑक्साईड असलेली, किंचित रंगाची सनस्क्रीन दर तीन तासांनी लावते, कारण साध्या सनस्क्रीनमधून दिसणारा प्रकाश आत जातो. गोळी सध्या बंद आहे, आणि तो डाग आता कडेने विरू लागला आहे.