सुट्टीत भारतात येऊन दात बसवताय? आधी इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागा

अमेरिकेत एका इम्प्लांटचा खर्च, म्हणजे हाडातला स्क्रू, त्यावर कॅप धरून ठेवणारा जोड म्हणजे अबटमेंट, आणि वरची कॅप मिळून, साधारण ३,००० ते ५,००० डॉलर सांगतात. तिथल्या बहुतेक डेंटल विम्याची वर्षाची मर्यादा हजार-दोन हजार डॉलरवर संपते. त्यामुळे डिसेंबरात लग्नकार्यासाठी पुण्या-मुंबईत येणारी मंडळी दातांचे एक्स-रे सोबत घेऊनच विमानात बसतात. त्यात गैर काही नाही. इथे उत्तम काम करणारे दंतवैद्य आहेत आणि तिथल्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत ते काम होतं. पण ज्याला फसवायचंच आहे त्याच्या हातात एक हुकमी पत्ता असतो, तो म्हणजे तुमच्या परतीच्या तिकिटाची तारीख. पहिल्याच फोनवर "परत कधी निघताय?" असं विचारलं जातं, ते नेहमी काळजीपोटीच असतं असं नाही.

सुरुवात दरापासून होते. व्हॉट्सअ‍ॅपवर "इम्प्लांट फक्त २५,०००" असं येतं. खुर्चीत बसल्यावर कळतं की हा आकडा नुसत्या स्क्रूचा होता. अबटमेंट वेगळं, कॅप वेगळी, हाड कमी भरलं तर ते भरून काढणारी बोन ग्राफ्टची पावडर वेगळी, वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट (गालामागच्या पोकळीचा तळ उचलून तिथे हाड भरणं) लागली तर तिचे निराळेच. तोवर दात काढून झालेला असतो, हिरडीला टाके पडलेले असतात, आणि तोंडात कापूस असलेला माणूस घासाघीस करत नाही. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधीच दर दाताप्रमाणे लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात स्क्रूची कंपनी व मॉडेल, अबटमेंट, कॅपचा प्रकार, ग्राफ्ट, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन असे सगळे आकडे सुटे लिहून घ्या. "पॅकेज" हा शब्द आला की समजावं, आतलं काहीतरी झाकायचं आहे.

दुसरी गोष्ट हाडाची. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडाशी पक्का जुळायला खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात हाड भुसभुशीत असल्याने चार ते सहा. नेहमीच्या केसमध्ये प्रामाणिक डॉक्टर सरळ सांगतो की या खेपेला स्क्रू, पुढच्या खेपेला कॅप. लबाड माणूस म्हणतो, "तीन दिवसांत पक्के दात." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते खपतं. स्क्रू बसवताना टॉर्क रेंचवर (पिळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटरची पकड मिळाली तर त्यावर लगेच दात बसवता येतात. पूर्ण जबड्याचे दात चार स्क्रूंवर बसवायच्या 'ऑल ऑन फोर' पद्धतीत त्याच दिवशी दात देतातही. पण ते ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचे, तात्पुरते. कायमचे चार-सहा महिन्यांनी, हाड जुळल्यावर. फसवणूक होते ती इथे: तात्पुरत्या दातांचंच कायमच्या दाताच्या भावाने बिल होतं, पेशंट विमानात बसतो, आणि पहिल्या कडक चकलीला ॲक्रिलिकला तडा जातो.

याहून वाईट प्रकार चांगले दात काढण्याचा. दोन दाढा नसलेल्या माणसाला "सगळेच कमजोर आहेत, एकदाच सगळं नवीन करून टाकू" असं सांगितलं जातं. फसवणाऱ्याला दोन फटी भरण्यापेक्षा अख्खा जबडा सोपा पडतो आणि पैसेही जास्त सुटतात. काढलेला दात परत लावता येत नाही, त्यामुळे इथे घाई अजिबात नको. ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र) एक्स-रे समोर ठेवून प्रत्येक दात का काढायचा ते विचारा: हलतो का, किती, मुळाभोवतीचं हाड किती उरलंय. मग तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या, ओळखीपाळखीच्या साखळीबाहेरच्या दंतवैद्याकडे जा. त्याच्या तपासणीची फी किरकोळ असते. "मामांच्या ओळखीतला आहे" हे प्रमाणपत्र नव्हे. मामांना बहुधा तिथे फक्त दात साफ करून मिळालेले असतात.

आता स्टिकर. चांगल्या कंपनीचा स्क्रू सीलबंद, निर्जंतुक डबीत येतो आणि डबीवर सोलून काढता येणारी दोन-तीन लेबलं असतात. त्यावर कंपनीचं नाव, व्यास, लांबी, रेफ (मॉडेलचा) क्रमांक, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. एक लेबल क्लिनिकच्या फाईलला, एक तुम्हाला द्यायच्या इम्प्लांट कार्डाला. ते कार्ड नसेल तर तुमच्या हाडात काय आहे ते बाहेरून खात्रीने सांगणं कठीण होतं.

महागडी कंपनी सांगून स्वस्त नक्कल बसवायची आणि दुसऱ्याच पेशंटचं उरलेलं लेबल तुमच्या कार्डावर चिकटवायचं, ही चलाखी पकडायला दोन उपाय आहेत. डबी तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि उघडण्याआधी फोनवर फोटो काढा. आणि लेबलवरचा आकार एक्स-रेशी ताडून पाहा: लेबल ४ बाय १० मिलिमीटर म्हणतं आणि मोजमापासह काढलेल्या एक्स-रेमध्ये स्क्रू आठच मिलिमीटर लांब दिसतो, असं होता कामा नये. दोन स्क्रूंचा लॉट क्रमांक सारखा असणं मात्र संशयास्पद नाही, एका लॉटमध्ये पुष्कळ नग असतात. अबटमेंटचं लेबलही मागा. मूळ कंपनीचा स्क्रू आणि त्यावर 'कम्पॅटिबल' म्हणून बाजारातलं स्वस्त अबटमेंट, हा बेमालूम खपणारा प्रकार आहे. जोड तंतोतंत बसत नाही, बारीक फटीत जंतू साठतात, अबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू पुन्हा पुन्हा ढिला होतो.

लेबल नसल्याची किंमत परदेशात गेल्यावर कळते. कॅप हलायला लागते, न्यू जर्सीतला डेंटिस्ट विचारतो कुठली सिस्टीम, आणि उत्तर नसतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आतल्या स्क्रूला बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो. कुठे षटकोनी १.२ मिलिमीटरचा, कुठे १.२५ चा, कुठे तारकेच्या आकाराचा. जवळपासच्या मापाचा ड्रायव्हर घालून पिळला की स्क्रूचं डोकं गोल होतं. मग कॅप कापा, स्क्रू खोदून काढा. वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे तिथेच जातात.

कॅपमध्येही खोट निघते. झिर्कोनियाच्या, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, दराने आत धातू असलेली सिरॅमिक कॅप बसवून देतात. एकदा चिकटवल्यावर तुम्हाला ओळखणं कठीण, म्हणून चिकटवण्याआधी कॅप हातात मागा आणि उलटी करून आत बघा. आत राखाडी चमक दिसली तर धातू आहे, नखशिखांत पांढरी असेल तर निदान धातू तरी नाही. लॅबचं वॉरंटी कार्ड घ्या आणि त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे तपासा.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होतात म्हणून चालू असलेलं अ‍ॅलेंड्रोनेट, याबद्दल कोणी विचारलंच नाही तर तिथून उठा. अ‍ॅलेंड्रोनेट वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं दात काढल्यावर जबड्याचं हाड सडू शकतं. सायनस लिफ्ट केली असेल तर लगेच विमान नको, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे.

बिल. "बिल नको असेल तर दहा टक्के कमी" हे ऐकलं की सवलत नाकारा. बिलावर डॉक्टरचा डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा आणि दातांचे क्रमांकही. भारतात खालची डावी पहिली दाढ ३६ लिहितात, अमेरिकेत तीच १९. तिथली मोजणी ३२ वर संपते, त्यामुळे नुसता ३६ बघून विमा कंपनी दावा परत पाठवू शकते. डॉक्टरकडून दोन्ही क्रमांक लिहून घ्या.

बिघडलंच तर आधी कागद जमवा. क्लिनिककडे उपचाराची नोंद, एक्स-रे आणि स्कॅन ईमेलने, तारखेसह मागा. फोनवर बोलून काही उरत नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची. इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन तक्रार चालवता येते. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे वेगळी.

आणि तिकडे दुसऱ्या डेंटिस्टने स्क्रू काढला तर तो कचऱ्यात जाऊ देऊ नका. काढण्याआधीचा एक्स-रे, काढलेला स्क्रू छोट्या डबीत, डबीवर तारीख आणि त्या डेंटिस्टची सही. आत नेमकं काय बसवलं होतं हे सिद्ध करायला तो स्क्रूच कामी येतो.