गाडीला ‘अर्थ’च नव्हता : सात आसनी गाडीचा बावीस महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली आमची सात आसनी पेट्रोल गाडी आता ३४,००० किलोमीटर चालली आहे. त्यातले जवळजवळ आठ महिने आम्ही ती कधी आणि कुठे बंद पडेल या धास्तीत चालवली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जो दोष शेवटी सापडला तो समुद्राकाठी राहणाऱ्या कोणाच्याही गाडीत निघू शकतो, आणि तो ज्या पद्धतीमुळे इतके दिवस सापडला नाही त्या पद्धतीवर एकाच कंपनीची मक्तेदारी नाही.

आमचे घर उत्तर गोव्यात मांद्र्याला, किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर. चोपड्याहून शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा, पर्वरी आणि पणजी हा माझा रोजचा रस्ता. घरात सहा माणसे असल्यामुळे छोटी गाडी पुरत नव्हती. जागेच्या बाबतीत ही गाडी खरोखरच उत्तम आहे: मधल्या रांगेत आईला दुखरे गुडघे लांब करून बसता येते, तिसऱ्या रांगेत मुले फारशी कुरबुर करत नाहीत, आणि मागची सीट पाडली की चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, सगळा बाजार, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानासह, एका खेपेत घरी येतो. पूर्ण भरलेल्या गाडीला लिटरमागे तेरा किलोमीटर मिळतात. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रारीची सुरुवात अगदी किरकोळ होती. जुलै २०२३ च्या पावसात एका सकाळी घड्याळ बारावर जाऊन बसले आणि रेडिओची जुळवलेली स्टेशने पुसली गेली. आठवडाभराने चारही दारांची कुलुपे आपोआप टक्‌टक्‌ करू लागली. मग पर्वरीच्या चढावर, ताशी चाळीसच्या वेगात, समोरचे सगळे काटे एकदम शून्यावर पडले आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग असे झाडून सगळे दिवे पेटले; इंजिन मात्र चालूच होते. दोन सेकंदांत सारे पूर्ववत झाले. अशा वेळी माणूस स्वतःलाच समजावतो की पावसाळा आहे, कुठेतरी ओल गेली असेल. मीही तेच केले, आणि ती माझी पहिली चूक होती.

चवथीच्या आदल्या दिवशी गाडी भर बाजारातल्या कोंडीत म्हापशात बंद पडली. ती किल्ली फिरवताच पुन्हा सुरू झाली, त्यामुळे त्याचे फार वाटले नाही. खरा धक्का पुढच्याच आठवड्यात शिवोलीच्या पुलावर बसला. एसी चालू, पाऊस असल्यामुळे हेडलाइट आणि वायपर चालू, मागे आई आणि मुले, आणि पुलाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला. ज्यांनी हे अनुभवलेले नाही त्यांना सांगायला हवे की अशा वेळी स्टिअरिंग अचानक जड होते, कारण त्याला मदत करणारी विजेची मोटर थांबते. ब्रेक मात्र लगेच जात नाहीत: ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये शिल्लक असलेल्या निर्वातावर एकदोनदा चांगला ब्रेक लागतो, पण तो पुन्हापुन्हा दाबत राहिलात तर ती शिल्लक संपते आणि पेडल दगडासारखे होते. म्हणून पाय एकदाच, घट्ट, न उचलता दाबायचा, धोक्याचे दिवे लावायचे, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसते. मी ताणून गाडी कठड्याच्या बाजूला घेतली. मागून आई एवढेच म्हणाली, “आता चालू झाली तर माघारी घरी घे.”

अधिकृत वर्कशॉपमध्ये एकूण चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. त्यात पी ०५६२ आणि यू ०१०० असे दोन कोड निघाले. पहिला विजेचा दाब कमी झाल्याचा, दुसरा इंजिनाच्या संगणकाशी इतर भागांचा संपर्क तुटल्याचा. यावरून बॅटरी दोषी ठरली आणि वॉरंटीत नवी बसवली गेली. बॅटरी काढताच आमच्या गाडीत साठलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या, म्हणजे बंद पडण्याच्या क्षणी वेग किती होता, दाब किती होता याचा एकमेव पुरावा पहिल्याच दिवशी नाहीसा झाला. दुसऱ्या फेरीत ‘कोड नाही’ म्हणून सॉफ्टवेअर नवे भरले. तिसऱ्या फेरीत क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, स्थिती सांगणारा सेन्सर बदलला. गरम झाल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत हा सेन्सर पुष्कळदा दोषी असतो, त्यामुळे त्या वेळी मलाही ते पटले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, नोव्हेंबरमध्ये, बेळगावच्या लग्नाला जाताना केरी सोडून चोर्ला घाट चढू लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. मागे चिऱ्यांच्या ट्रकची रांग, मोबाइलला रेंज नाही, आणि पैठण्या नेसलेल्या बायका रस्त्याकडेच्या दगडावर. तासाभराने एका दुचाकीस्वाराच्या मागे बसून मी खाली केरीत आलो तेव्हा टोइंगवाल्याला फोन लागला. त्या खेपेचे साडेचार हजार रुपये झाले, लग्न बुडाले ते वेगळेच.

चौथ्या फेरीत सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाले, “सर, इंजिनचा कंट्रोल युनिट बदलावा लागेल.” म्हणजे इंजिनाचा संगणकच. किंमत बासष्ट हजार, आणि ‘पाणी गेल्याची खूण’ दिसते म्हणून वॉरंटीत बसेलच असे नाही. वर्कशॉपमधली मुले कामसू आहेत, बोलायला नम्र आहेत; पण स्कॅनर जे सांगेल त्यापलीकडे कोणी बोनेटमध्ये डोके घालायला तयार नव्हते. स्कॅनर संगणकाला जे कळते तेवढेच सांगतो, आणि संगणकाचाच आधार डळमळीत असेल तर तो बिचारा काय सांगणार?

शेजाऱ्याने म्हापशातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे पाठवले. साठी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हे, किल्लीबद्दल विचारला: “हा एवढा जुडगा का लटकवलाय?” जड जुडग्याने इग्निशन स्विच हलू शकतो ही शंका निराधार नाही, अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये लाखो गाड्या याच प्रकारच्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या, कारण किल्ली जागची सरकली की चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. भाईंनी किल्ली धरून हलवून पाहिली, काही झाले नाही. मग मी माझी वही पुढे केली. गाडी बंद पडली त्या प्रत्येक वेळची वेळ, चढ-उतार, काय काय चालू होते, हे मी शिवोलीच्या प्रसंगापासून लिहीत होतो. सहाही वेळा एसी चालू होता आणि रेडिएटरचा पंखा मोठ्याने फिरत होता. वही वाचून ते म्हणाले, “आधी अर्थ बघू.” अर्थ म्हणजे अर्थिंग, बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडाशी जोडणारी जोडणी.

त्यांची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू केल्यावर, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपाशी १४.२, पण बॅटरीपाशी १३.१. मग त्यांनी विजेचा दाब मोजणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला लावले आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको, अर्ध्या व्होल्टच्या आत तर हवेच, काटा १.८ वर गेला. शेवटी इंजिन चालू ठेवून, एसी आणि हेडलाइट लावून, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बॅटरीखालच्या एका तांब्याच्या विणलेल्या पट्टीला हलकेच ढोसले. काटे पडले, दिवे पेटले, इंजिन बंद. आठ महिने जे कोणालाही मुद्दाम घडवता आले नव्हते ते एका ढोसणीत घडले. “गाडीला अर्थच नाही,” भाई म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

पट्टी सोडवली तेव्हा तिच्या टोकाचे तांबे हिरवट भुकटीसारखे हातात आले. बोल्टखाली गंज, आणि गंजाखाली मूळचा रंगही तसाच. कारखान्यात तो पुरता खरवडलाच नव्हता. गाडीत परतीची तार वेगळी नसते, सांगाडा आणि इंजिन याच वाटेने वीज बॅटरीकडे परतते, आणि त्या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे ही पट्टी. स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, त्यामुळे ओहमच्या शंभराव्या भागाचा अडथळासुद्धा दोनेक व्होल्ट खातो. पंखा आणि एसी एकदम सुरू झाले, इंजिन तापून पट्टी हादरली, की अडथळा आणखी वाढे. सेन्सर आणि संगणक ज्या शून्याला शून्य समजतात तो शून्यच वर सरके, आणि क्रँकचा संकेत हरवताच संगणक इंधन बंद करी.

इथे माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. गाडी अंगणातल्या फणसाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून पाण्याचा निचरा होण्याची जी नळी आहे ती पाल्याने तुंबली होती आणि पाणी नेमके त्या बोल्टवर ठिबकत होते. त्यात आमची खारी हवा. तरीही सगळ्या गाडीचा मुख्य अर्थ निचऱ्याच्या नळीखाली बसवणे ही आरेखनाची चूकच आहे, आणि ती मी फणसाच्या माथी मारणार नाही.

भाईंनी बोल्टची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, नवी पट्टी टाकली, वर ग्रीस लावले आणि दुसरी एक जादा पट्टी इंजिनापासून थेट बॅटरीपर्यंत ओढली. एकूण साडेआठशे रुपये. हे फेब्रुवारी २०२४ चे.

वर्कशॉपने आधी ‘बाहेर काम करून घेतलेत’ म्हणून नाक मुरडले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, सोबत वहीची पाने आणि गंजलेल्या पट्टीचे फोटो जोडले. दीड महिन्याने कंपनीने टोइंगचे पैसे परत केले. पट्टीचे नाही, आणि चूक कबूल केल्याचा एक शब्दही नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमानुसार सरकार दोषयुक्त गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारी मोजल्या जातात. म्हणून परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवरही नोंद केली आहे. याच मॉडेलच्या किनाऱ्यावरच्या मालकांनी एकदा बॅटरीखाली टॉर्च मारून पाहावे आणि हिरवे दिसले तर तीही नोंद करावी, ही विनंती.

त्यानंतरचा सगळा पावसाळा गेला, चवथ झाली, चोर्ल्यातून दोनदा जाऊन आलो. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. मागच्या डाव्या खिडकीची काच अजून अधूनमधून अर्ध्यावर थांबते. तो स्विचचा दोष आहे आणि त्याचा याच्याशी संबंध नाही. गाडी विकायचा विचार सोडला आहे. फणस तिथेच आहे, गाडी आता विहिरीच्या बाजूला उभी करतो. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला आहे. गेल्या रविवारी स्टार्टर मारून पाहिले तेव्हा बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात ०.१ व्होल्ट होता.